वय, ठिकाण आणि भाषा : संघ लोकसेवा आयोगाची शंभर वर्षे

१ ऑक्टोबर १९२६ रोजी हिंदुस्थानात पहिला लोकसेवा आयोग स्थापन झाला. अध्यक्ष सर रॉस बार्कर हे विलायतेच्या मुलकी सेवेतले अधिकारी होते आणि त्यांच्या जोडीला चार सदस्य होते. आयोगाच्या हाती अधिकार बेताचेच होते. सरकारने विचारले तर सल्ला द्यायचा आणि सोपवलेल्या परीक्षा घ्यायच्या, एवढेच काम. तरी त्या तारखेमागे साठेक वर्षांची मागणी उभी होती, आणि ती मागणी लावून धरणाऱ्यांत मुंबई इलाख्यातली माणसे आघाडीवर होती.

अशा संस्थेचा इतिहास अध्यक्षांची यादी आणि घटनेची कलमे यांच्या आधाराने सांगण्याची पद्धत आहे. मी तो परीक्षेच्या अटींमधून सांगणार आहे. परीक्षा कोणत्या गावी होणार, वय किती लागणार, उत्तरे कोणत्या भाषेत लिहायची, कोणत्या विषयाला किती गुण, लग्न झालेल्या बाईला नोकरी मिळणार की नाही, या त्या अटी. गुणवत्तेवर भाषणे पुष्कळ झाली आहेत. पण गुणवत्ता मोजून घ्यायला परीक्षेला कोण बसू शकतो, हे नेहमी जाहिरातीतल्या बारीक टायपातच ठरत आले.

सुरुवात लंडनची. १८५३ पर्यंत कंपनी सरकारची मुलकी नोकरी संचालकांच्या मर्जीवर होती. संचालक आपल्या नात्यागोत्यातल्या मुलांची नावे सुचवत, ती मुले हेलीबरीच्या कॉलेजात शिकत आणि जहाजात बसून इकडे येत. १८५३ च्या सनदी कायद्याने ही वशिलेबाजी बंद केली. मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये खुल्या स्पर्धा परीक्षेची योजना आखली आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. योजना तत्त्वतः सर्वांना खुली होती. गुणांची वाटणी पाहिली की ती कोणासाठी होती हे कळते. ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण, तर संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. राज्य करायचे हिंदुस्थानावर आणि हिंदुस्थानच्या विद्येचे मोल निम्मे!

हिंदी उमेदवारांपैकी या परीक्षेत पहिले यश मिळवले ते सत्येंद्रनाथ टागोरांनी, १८६३ मध्ये. सुएझचा कालवा तेव्हा खुला झालेला नव्हता. घरच्यांचा निरोप घेऊन, खर्च सोसून, परक्या देशात जाऊन परीक्षेला बसायचे आणि नापास झाले की तसेच परतायचे, असा तो मामला होता. सत्येंद्रनाथांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. ते मराठी शिकले, तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले आणि १८९७ मध्ये साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते निवृत्त झाले.

१८६९ मध्ये एकदम चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांतल्या बॅनर्जी आणि ठाकूर या दोघांची नावे वयाच्या कारणावरून कापली गेली. हा प्रसंग नीट समजून घेण्यासारखा आहे. कमाल वय तेव्हा २१ होते. आपल्याकडे मुलाला ‘सोळावे लागले’ की वय सोळा सांगण्याची रीत. विलायतेत मात्र पूर्ण झालेली वर्षे मोजतात. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी आपल्या रीतीने सांगितलेले वय आणि लंडनच्या अर्जातले वय यांत फरक निघाला आणि तेवढ्यावरून उत्तीर्ण झालेली दोन मुले अपात्र ठरली. सुरेंद्रनाथांनी क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली. लंडनच्या परीक्षा आयुक्तांना माघार घ्यावी लागली आणि दोघांनाही सेवेत घेतले गेले. स्पर्धा परीक्षेच्या अटीविरुद्ध न्यायालयात जाण्याची जी परंपरा आज आपण पाहतो, तिच्या आरंभाशी एक बंगाली आणि एक मुंबईकर असे दोन तरुण आहेत.

पुढे वयाची अट आणखी आवळली गेली. लॉर्ड सॉल्झबरी भारतमंत्री असताना कमाल वय १९ वर आणण्याचा निर्णय झाला आणि १८७८ पासून तो अमलात आला. विलायतेतल्या मुलाला यात अडचण नव्हती. तो शाळेतून थेट परीक्षेला बसे. हिंदी मुलाने मात्र परकी भाषा शिकून, समुद्र ओलांडून, एकोणिसाव्या वर्षाच्या आत ग्रीक-लॅटिनमध्ये त्याच्याशी बरोबरी करायची होती. सुरेंद्रनाथांनी या अटीविरुद्ध देशभर दौरा काढला. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हाच्या मोजक्या ठरावांत एक ठराव याच परीक्षेविषयी होता : परीक्षा एकाच वेळी इंग्लंडात आणि हिंदुस्थानात घ्यावी आणि कमाल वय निदान २३ करावे. राष्ट्रीय सभेच्या जन्माची कारणे सांगताना आपण मोठमोठे विचार सांगतो. परीक्षेचे ठिकाण आणि वय या दोन साध्या गोष्टींवर देशभरातली शिकलेली माणसे प्रथम एकत्र आली, हेही त्याच जोडीने सांगायला हवे.

वयाची मागणी १८९२ मध्ये मान्य झाली. ठिकाणाची होईना. दादाभाई नौरोजी हा विषय १८६० च्या दशकापासून मांडत होते. ते पार्लमेंटात निवडून गेल्यावर १८९३ च्या जूनमध्ये कॉमन्स सभेने दोन्हीकडे एकाच वेळी परीक्षा घेण्याचा ठराव मंजूरही केला. सरकारने तो बासनात बांधून ठेवला. सरकारी नोकऱ्यांचा विचार करायला १९१२ मध्ये नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगावर गोपाळ कृष्ण गोखले सदस्य होते. प्रकृती ढासळत असतानाही ते साक्षीदारांना प्रश्न विचारत राहिले. फेब्रुवारी १९१५ मध्ये ते गेले आणि आयोगाचा अहवाल प्रसिद्ध व्हायला १९१७ उजाडले.

अखेर फेब्रुवारी १९२२ मध्ये ही मुलकी सेवेची, म्हणजे आय.सी.एस.ची, परीक्षा प्रथम हिंदुस्थानच्या भूमीवर झाली. केंद्र एकच, अलाहाबाद. त्याच्या चार वर्षे आधी, १९१८ मध्ये, आपल्या रायगडचे चिंतामणराव देशमुख याच परीक्षेत पहिले आले होते, पण त्यांना त्यासाठी लंडन गाठावे लागले होते. १९१९ च्या कायद्यात लोकसेवा आयोगाची तरतूद होती. ती कागदावरच पडून होती. १९२४ मध्ये सरकारी नोकऱ्यांविषयीच्या ली आयोगाने आता विलंब करू नका असे बजावले आणि दोन वर्षांनी बार्कर यांचा आयोग कामाला लागला. १९३५ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९३७ पासून तो ‘फेडरल पब्लिक सर्व्हिस कमिशन’ झाला. लंडनची परीक्षा महायुद्धात, १९४३ मध्ये, बंद पडली.

त्याच १९४३ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक अट बदलली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आदल्या वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले होते आणि अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन त्यांनी सरकारपुढे ठेवले होते. त्यानंतर निघालेल्या आदेशाने केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. जोडीला कमाल वयात आणि परीक्षा शुल्कात सवलत मिळाली. राखीव जागांची चर्चा आपल्याकडे टक्क्यांवरच थांबते. उशिरा शाळेत गेलेल्या मुलाला वयाची सवलत नसेल आणि फीचे पैसेच नसतील, तर टक्के कागदावर राहतात. हे बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते आणि म्हणून त्या आदेशातल्या वय-शुल्काच्या ओळी मला टक्क्यांइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सरदार पटेलांनी भारतीय प्रशासन सेवा आणि भारतीय पोलीस सेवा उभ्या केल्या. २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये त्यांनी नव्या अधिकाऱ्यांपुढे केलेले भाषण प्रसिद्ध आहे. पुढे घटना समितीतही त्यांनी या सेवांची बाजू ठामपणे लावून धरली. एच. के. कृपलानी हे आयोगाचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून आयोगाला ‘संघ लोकसेवा आयोग’ हे आजचे नाव आणि घटनेचे कवच मिळाले. कलम ३१५ ते ३२३ मध्ये ही व्यवस्था आहे. सदस्याची मुदत सहा वर्षे किंवा वयाची पासष्टी. त्याला गैरवर्तनासाठी काढायचे तर राष्ट्रपतींनी आधी सर्वोच्च न्यायालयाचे मत घ्यायचे. अध्यक्षाने पद सोडल्यावर सरकारी नोकरी स्वीकारायची नाही. आयोगाचा खर्च संचित निधीवर भारित, म्हणजे संसदेच्या मतदानावर तो अवलंबून नाही. आयोगाचा सल्ला सरकारने मानला नाही, तर का मानला नाही हे संसदेपुढे सांगावे लागते. बार्कर यांच्या आयोगाला जे स्वातंत्र्य नव्हते ते या कलमांनी दिले. शाहजहान रोडवरच्या धौलपूर हाऊसमध्ये, धौलपूरच्या महाराजांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत, आयोगाचा कारभार आला तो याच काळात.

स्वतंत्र देशाची घटना स्त्री-पुरुष भेद मानत नव्हती, सेवेचे नियम मात्र मानत होते. १९४८ ची परीक्षा उत्तीर्ण होऊन सी. बी. मुथम्मा परराष्ट्र सेवेत गेल्या, त्या या सेवेतल्या पहिल्या महिला. अण्णा राजम १९५१ च्या तुकडीतल्या पहिल्या महिला आय.ए.एस. मुलाखत मंडळाने त्यांना परराष्ट्र किंवा केंद्रीय सेवा घ्या, बायकांना त्या बऱ्या, असा सल्ला दिला होता. त्या बधल्या नाहीत. लग्न केल्यास नोकरी जाईल अशी अट नेमणुकीच्या पत्रात होती. पुढे नियम बदलला, त्यांनी लग्नही केले आणि न्हावा शेवा बंदराच्या उभारणीची धुरा वाहिली. आज उरणकडे जाताना कंटेनरांच्या रांगा दिसतात, त्या बंदरामागे या बाईंचे काम आहे. मुथम्मांनी बढतीतल्या भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी सेवेच्या नियमांतल्या पक्षपातावर कडक शब्दांत कोरडे ओढले. १९९२ मध्ये रोझ मिलियन बॅथ्यू आयोगाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आयोगच घेत असलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एन.डी.ए.) परीक्षेचे दार मुलींना उघडायला मात्र २०२१ साल आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

आता भाषा. शंभर वर्षांतला सर्वांत लांबलेला आणि मराठी मुलांच्या सर्वांत जवळचा विषय हाच आहे.

स्वातंत्र्यानंतरही दोन दशके ही परीक्षा फक्त इंग्रजीतून होती. निबंध इंग्रजीत, सामान्य ज्ञान इंग्रजीत, वैकल्पिक विषय इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत. सुरुवातीच्या वर्षांत तर मुलाखतीत किमान गुण मिळाले नाहीत तर लेखीतले यश वाया जाई. खेड्यातल्या शाळेत पाचवी-सातवीनंतर इंग्रजी सुरू केलेला मुलगा विषय पक्का असूनही बोलण्याच्या ढबीत मागे पडे. संसदेचा भाषाविषयक ठराव जानेवारी १९६८ मध्ये जाहीर झाल्यावर १९६९ पासून निबंध आणि सामान्य ज्ञान हे दोन पेपर घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत लिहिण्याची मुभा मिळाली.

खरी उलथापालथ घडवली ती दौलतसिंह कोठारी यांच्या समितीने. कोठारी भौतिकशास्त्रज्ञ, देशाच्या शिक्षण आयोगाचे अध्यक्षही तेच होते. त्यांची समिती १९७४ मध्ये नेमली गेली, अहवाल १९७६ मध्ये आला आणि १९७९ पासून नवी पद्धत सुरू झाली. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत ही जी त्रिस्तरीय रचना आज प्रत्येक तालुक्यातल्या मुलाला पाठ आहे, ती तेव्हाची. मुख्य परीक्षेचे सर्व पेपर मराठीतून लिहिता येऊ लागले. इंग्रजी आणि एक भारतीय भाषा यांचे पेपर फक्त पात्रतेपुरते राहिले, गुण यादीत धरायचे नाहीत. मुलाखतही आपल्या भाषेत देता येऊ लागली. उमेदवार मराठीत बोलतो, दुभाषी शेजारी बसून मंडळाला सांगतो. शंभर वर्षांतला सर्वांत दूरगामी बदल कोणता असे कोणी विचारले तर मी १९७९ चे नाव घेईन, १९५० चेही त्यानंतर.

महाराष्ट्र सरकारने १९७६ मध्ये मुंबईत राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था काढली होती, त्यामुळे तयारीचीही सोय झाली. १९९० च्या तुकडीत भूषण गगराणी मराठी माध्यमातून आय.ए.एस. झाले आणि ‘आपल्यालाही जमेल’ हा विश्वास जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिका, मेसचे डबे, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स, हा सारा संसार त्यानंतरच्या वर्षांत उभा राहिला.

मराठी वाङ्मय या वैकल्पिक विषयाचा अभ्यासक्रम एकदा उघडून पाहावा. त्यात नामदेवांची अभंगवाणी आहे, महात्मा फुल्यांचे ‘शेतकऱ्याचा आसूड’ आहे, कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ आहे, बाबूराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आहे, नामदेव ढसाळ आहेत. केंद्राच्या सर्वोच्च परीक्षेत मुलगा बागुलांच्या कथेवर मराठीत उत्तर लिहितो आणि त्या गुणांवर जिल्हाधिकारी होतो. ग्रीक-लॅटिनच्या दीड हजार गुणांपासून इथवरची मजल छोटी नाही.

ही वाट सरळ चढत गेली असे मात्र नाही. १९८८ पासून धौलपूर हाऊसच्या फाटकाबाहेर भारतीय भाषांसाठी धरणे सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे चालले. १९९३ पासून निबंधाचा पेपर पुन्हा आला, मुलाखतीचे गुण २५० वरून ३०० झाले. २०११ मध्ये पूर्व परीक्षेतला वैकल्पिक विषय जाऊन ‘सीसॅट’ ही कलचाचणी आली. मग २०१३ चा मार्च. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू अरुण निगवेकर यांच्या समितीनंतर मुख्य परीक्षेची फेररचना झाली. सामान्य अध्ययनाचे चार पेपर, त्यांत नीतिमत्तेचा एक, आणि वैकल्पिक विषय दोनाऐवजी एक. रचना चांगली होती. पण अधिसूचनेत सोबत तीन अटी होत्या : इंग्रजीचे १०० गुण गुणवत्ता यादीत धरायचे; प्रादेशिक भाषेचे माध्यम घ्यायचे तर पदवी त्याच माध्यमातून हवी; आणि त्या भाषेचे किमान २५ उमेदवार हवेत. आपल्याकडे कृषी, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांची पदवी इंग्रजीतूनच मिळते. म्हणजे मराठी शाळेत शिकून कृषी पदवीधर झालेल्या मुलाला मराठीत लिहायचे दार एका ओळीने बंद झाले होते. महाराष्ट्रातून, तमिळनाडूतून, संसदेतून विरोध झाला आणि महिना संपायच्या आत सुधारित अधिसूचना काढून या अटी मागे घेतल्या गेल्या. पुढच्या वर्षी सीसॅटवरून दिल्लीच्या मुखर्जीनगरात मुले रस्त्यावर आली. २०१५ पासून तो पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता उरला.

आजची परीक्षा अशी आहे. लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, एकूण २०२५ गुण. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस प्रश्न, निम्मे दीडशे शब्दांचे, निम्मे अडीचशे शब्दांचे. म्हणजे प्रश्न वाचणे, विचार आणि लेखन मिळून एका उत्तराला नऊ मिनिटे. उत्तरपत्रिका तपासनिसाकडे जाते ती नाव-क्रमांक झाकून, सांकेतिक क्रमांक घालून. मुलाखतीच्या दिवशी उमेदवाराला धौलपूर हाऊसमध्ये पोचल्यावर आपले मंडळ कोणते ते कळते. मंडळाला त्याचे लेखी गुण ठाऊक नसतात. दर वर्षी लाखो घरांची उमेद या यंत्रणेवर टेकलेली असते. तिच्या निकालावर लोक रडतात, पण विश्वास ठेवतात, आणि हा विश्वास आयोगाची सर्वांत मोठी कमाई आहे असे मी मानतो. २०२४ च्या परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले, ५,८३,२१३ प्रत्यक्ष बसले, १४,६२७ मुख्य परीक्षेला पात्र ठरले, २,८४५ मुलाखतीपर्यंत पोचले आणि १,००९ निवडले गेले. अर्जदारांत हजारी एक.

ठिकाणाची अट आता बरीच सैल झाली आहे. एका अलाहाबादच्या जागी पूर्व परीक्षेला ऐंशीच्या आसपास शहरे आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी त्यांत आहेत. मुख्य परीक्षेसाठी गेली अनेक वर्षे राज्यातल्या मुलांना मुंबईच गाठावी लागली आहे. गडचिरोलीच्या मुलाने पाच दिवस लेखी परीक्षेसाठी मुंबईत खोली घेऊन राहावे, हे टाळता येण्यासारखे आहे. मुलाखत दिल्लीलाच होते.

आणि भाषेची एक अट तशीच आहे. मुख्य परीक्षेत उत्तर मराठीत लिहिता येते, पण वाङ्मयाचे आणि भाषेचे पेपर सोडले तर प्रश्न छापलेला असतो हिंदीत आणि इंग्रजीत. पूर्व परीक्षा तर पूर्णच या दोन भाषांत. मराठी माध्यमाचा उमेदवार प्रश्न एका भाषेत वाचतो, मनात भाषांतर करतो आणि दुसऱ्या भाषेत लिहितो. नऊ मिनिटांतली काही त्यातच जातात. वस्तुनिष्ठ प्रश्नांत एका ‘केवळ’ने किंवा ‘वगळता’ने उत्तर फिरते, तिथे हे आणखी महागात पडते. एवढ्या भाषांत गोपनीयता राखून प्रश्नपत्रिका तयार करणे अवघड आहे, हे खरे. पण केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा २०२४ पासून हिंदी-इंग्रजीशिवाय तेरा भारतीय भाषांत होते आणि मराठी त्यांत आहे. अभियांत्रिकी प्रवेशाची जे.ई.ई. मेन मराठीत देता येते. सीमेवर उभा राहणाऱ्या शिपायाला जे मिळाले, ते जिल्ह्याचा कारभार पाहू इच्छिणाऱ्या मुलीला पूर्व परीक्षेच्या खोलीत मिळाले पाहिजे. आयोगाने दुसऱ्या शतकाचे पहिले काम म्हणून हे हाती घ्यावे.